पुसलेल्या पानांखालचा कायदा

ज्या घरांत वाटणीचा तंटा झाला आहे त्या घरांतील माणसांस कायदा म्हणजे काय हें सांगावें लागत नाहीं. जमिनीचे उतारे, मृत्युपत्राची नक्कल, वकिलाचीं पत्रें आणि दिवाणी कोर्टाच्या तारखा यांच्या रूपानें तो घरांत शिरतो आणि वर्षानुवर्षें मुक्काम ठोकून राहतो. परंतु ज्या नियमाप्रमाणें ती वाटणी व्हावयाची तो नियम मुळांत आला कोठून, तो कोणीं कोणत्या काळीं लिहून ठेविला, आणि हाच प्रसंग दुसऱ्या देशांतील भावांवर आला तेव्हां त्यांनीं तो कसा निभावला, या गोष्टींचा विचार करण्यास वादी-प्रतिवादींस सवड नसते व न्यायाधीशासही ती क्वचितच मिळते. तो विचार ग्रंथालयांत बसूनच करावा लागतो. तेथेंही कायदा नेहमीं कायद्याच्या कपाटांत सांपडतो असें नाहीं. प्राचीन रोमन कायद्याचा एक प्रमुख ग्रंथ हजार वर्षांहून अधिक काळ एका धर्मपुरुषाच्या पत्रांखालीं दडून राहिला होता. त्याच्या शोधाची हकीकत मनोरंजक तर आहेच. परंतु आपल्या एकत्र कुटुंबाच्या कायद्याशीं तिचा एक अनपेक्षित संबंध पोंचतो, म्हणून ती येथें सांगण्याचें योजिलें आहे.

युरोपांतील अनेक राष्ट्रांचे आधुनिक कायदे रोमन कायद्याच्या पायावर उभारलेले आहेत, हें सर्वांस ठाऊक आहे. परंतु एकोणिसाव्या शतकाच्या आरंभापर्यंत तेथील पंडितांस हा कायदा मुख्यतः एकाच खिडकींतून दिसत होता. ती खिडकी म्हणजे सम्राट जस्टिनियन यानें इ. स. ५३३ च्या सुमारास सिद्ध करविलेले संग्रह. त्याच्या पंडितांनीं पूर्वीच्या शास्त्रज्ञांच्या ग्रंथांतील उतारे निवडून ‘डायजेस्ट’ नांवाचा पन्नास भागांचा निबंध रचला. सुमारें दोन हजार पुस्तकांतील तीस लक्ष ओळी दीड लक्षांवर आणल्या, असें खुद्द सम्राटानें सांगून ठेविलें आहे. निवड करतांना कालबाह्य झालेला भाग गाळण्याची आणि मजकुरांत फेरफार करण्याची या मंडळींस मुभा होती व तिचा त्यांनीं उपयोगही केला. संग्रह तयार झाल्यावर मूळ ग्रंथ कोणी उतरून घेईना आणि हळूहळू ते नाहींसे झाले. आपल्याकडे बृहस्पति व कात्यायन यांच्या स्मृतींची अशीच गत झाली. निबंधकारांनीं त्यांतील वचनें उद्धृत केलीं, तेवढीं राहिलीं; स्मृति मात्र लुप्त झाल्या.

रोमच्या या लुप्त ग्रंथांत गायस नांवाच्या एका अध्यापकाचा ‘इन्स्टिट्यूट्स’ हा ग्रंथ होता. इ. स. १६१ च्या सुमारास तो लिहिला गेला. गायसचें कुल, गांव, पूर्ण नांव, यांपैकीं कांहींच इतिहासानें जपून ठेविलें नाहीं. पण ४२६ सालच्या एका राजाज्ञेनें ज्या पांच शास्त्रज्ञांचीं मतें न्यायालयांत प्रमाण मानावीं असें ठरविलें त्यांत त्याचें नांव होतें. कायद्याचे व्यक्ति, वस्तु आणि दावे असे तीन विभाग करून चार भागांत त्यानें विद्यार्थ्यांसाठीं विषयाची मांडणी केली. जस्टिनियननें आपलें क्रमिक पुस्तक याच ग्रंथावरून बेतलें. म्हणजे नातू सर्वांच्या परिचयाचा, पण आजोबांस कोणीं पाहिलेलें नाहीं, अशी स्थिति होती.

उत्तर इटलींत वेरोना शहरीं तेथील मुख्य चर्चचें एक फार प्राचीन ग्रंथालय आहे. तेथील जुन्या हस्तलिखितांचा मध्यंतरीं पत्ताच नव्हता. अठराव्या शतकाच्या दुसऱ्या दशकांत स्किपिओने माफेई या विद्वानाच्या खटपटीनें तीं एका कपाटाच्या माथ्यावर सांपडलीं. त्यांतील कायद्याच्या एका सुट्या पानाकडे माफेईचें लक्ष गेलें होतें. पण त्याचें महत्त्व त्या वेळीं कोणाच्या ध्यानीं आलें नाहीं. पुढें १८१६ सालीं नीबूर हा रोमचा इतिहासकार प्रशियाचा वकील म्हणून पोपच्या दरबारीं निघाला असतां वाटेंत वेरोनास थांबला. त्याचा मुक्काम अगदीं थोडा होता. तेवढ्यांत त्यानें तें सुटें पान पाहिलेंच, शिवाय सेंट जेरोमच्या पत्रांचें एक हस्तलिखित त्याच्या हातीं आलें. त्याच्या अक्षरांखालीं दुसरीं पुसट अक्षरें त्यास दिसलीं.

याचा उलगडा असा. त्या काळीं पुस्तकें चामड्याच्या पानांवर लिहीत. चामडें महाग, म्हणून जुनें पुस्तक निरुपयोगी वाटलें कीं त्याचीं पानें धुऊन-खरवडून त्यांवर नवा मजकूर लिहावयाचा, अशी रीत होती. शाळेंतील मुलानें पाटी पुसून दुसरें गणित मांडावें तसाच हा प्रकार. फरक इतकाच कीं, चामड्यांत मुरलेली शाई सर्वस्वीं जात नाहीं. अशा पानांस पॅलिम्प्सेस्ट म्हणतात. मठांतील लेखकांस रोमचा जुना कायदा नको होता, संताचीं पत्रें हवीं होतीं. त्यांस दोष देण्याचें कारण नाहीं. त्यांनीं तें चामडें जोडे शिवण्यास न देतां पुस्तकासाठीं वापरलें, म्हणूनच तें आपणांपर्यंत पोंचलें.

नीबूरनें कांहीं भागाची नक्कल करून ती बर्लिनच्या सॅव्हिनी या कायदेपंडिताकडे पाठविली. हा सॅव्हिनी ग्रंथालयांचा जुना वारकरी. मध्ययुगांतील रोमन कायद्याच्या इतिहासासाठीं त्यानें देशोदेशींचीं हस्तलिखितें धुंडाळलीं होतीं, आणि १८०५ सालीं पॅरिसमध्यें त्याला नकला करूं लागण्यास त्याचा विद्यार्थी याकोब ग्रिम, म्हणजे पुढें लोककथांच्या संग्रहानें घरोघर पोंचलेला ग्रिम, मदतीस गेला होता. नक्कल पाहतांच सॅव्हिनीनें ओळखलें कीं हा गायस होय. ज्या ग्रंथाची वाट पाहण्याचें कोणाच्या मनांतही नव्हतें तो असा अवचित पुढें उभा राहिला.

यानंतरचें काम मात्र चिकाटीचें होतें. १८१७ सालीं बर्लिनच्या विद्वत्सभेनें गोशेन व बेकर यांस वेरोनास पाठविलें. बेथमान-होल्व्हेग हाही त्यांस जाऊन मिळाला. पुस्तकाचीं सवाशें पानें शिल्लक होतीं, तीन गहाळ होतीं, आणि कित्येक पानें तर एकदां नव्हे दोनदां पुसून लिहिलेलीं होतीं. गोशेननें १८२० सालीं ग्रंथाची पहिली आवृत्ति काढली. मागाहून ब्लूमे यानें राहिलेलीं अक्षरें उठविण्यासाठीं अधिक जहाल रसायनें वापरलीं. त्यानें कांहीं ओळी वाचल्या खऱ्या, पण पानांस मोठी इजा झाली. शेवटीं स्टुडेमुंड यानें अक्षर न् अक्षर जसें दिसलें तसें उतरून १८७४ सालीं आपली नक्कल छापली, आणि ती अद्यापि अभ्यासकांचा मोठा आधार आहे. उतावीळ आणि धीमा असे दोन संशोधक एकाच पानावर बसले म्हणजे काय होतें, याचा हा धडा प्रत्येक हस्तलिखित-संग्रहाच्या दारावर लावण्याजोगा आहे.

एवढ्या श्रमानें हातीं काय लागलें? जस्टिनियनच्या काळापर्यंत बंद पडलेली, म्हणून त्याच्या संग्रहांतून गळालेली जुनी न्यायपद्धति गायसमध्यें सविस्तर सांपडली. तींत शब्दांस इतकें महत्त्व होतें कीं, आपल्या द्राक्षवेली तोडल्याबद्दल दावा लावतांना एका माणसानें ‘वेली’ असा शब्द उच्चारला आणि तेवढ्यावरून तो दावा हरला. कारण प्राचीन बारा पट्टिकांच्या कायद्यांत ‘झाडें’ असा शब्द होता. आपली बाजू खरी असूनही एका शब्दानें घात झालेले पक्षकार आजही भेटतात, त्यांस ही गोष्ट वाचून थोडें समाधान वाटेल! रोमन पित्याची मुलांवरील सत्ता, वारसा, दास्य, ऋण या सर्वांविषयींचा कायदा त्याच्या भरभराटीच्या काळांतील शिक्षकाच्या तोंडून, कोणाची कात्री न लागतां, ऐकावयास मिळाला.

आतां हिंदुस्थानाशीं येणारा संबंध. १८६१ सालीं हेन्री मेन यानें प्राचीन कायद्यावरील आपला प्रसिद्ध ग्रंथ लिहिला आणि पुढच्याच वर्षीं तो सरकारचा कायदेमंत्री म्हणून कलकत्त्यास आला. १८६९ पर्यंत तो येथें होता. प्राचीन समाजाचा घटक व्यक्ति नसून कुटुंब होय, आणि आरंभींची मालमत्ता एकट्याची नसून समाईक असे, हें त्याचें मुख्य म्हणणें. त्यासाठीं त्यानें एका हातांत रोमन कायदा व दुसऱ्या हातांत हिंदूंचें एकत्र कुटुंब धरलें. गायस उजेडांत आला नसता तर या तुलनेची एक बाजू फारच लंगडी राहिली असती. तरीही रोममध्यें भावाभावांची अविभक्त मालमत्ता असे, याचा धडधडीत पुरावा मेनपुढें नव्हता. वेरोनाच्या प्रतींत तो सांपडत नाहीं. त्या संस्थेचें केवळ जुनें नांव इतर ग्रंथकारांच्या ओझरत्या उल्लेखांवरून ठाऊक होतें.

मेन १८८८ सालीं वारला. त्यानंतर पंचेचाळीस वर्षांनीं, १९३३ सालीं, ईजिप्तमधील गायसच्या एका निराळ्या प्रतीचीं कांहीं फाटकीं पानें उजेडांत आलीं. मेदेआ नोर्सा या इटालियन विदुषीनें तीं कैरो येथें मिळविलीं व आरांजो-रुइझ या पंडितानें त्यांचें विवेचन केलें. त्यांत गायस सांगतो कीं, पूर्वीं घरधनी वारला म्हणजे त्याच्या वारसांमध्यें एक प्रकारची भागीदारी आपोआप उत्पन्न होई. ती कायद्यानें मान्य आणि निसर्गतःच सिद्ध अशी असे, व तिच्या नांवाचा अर्थच ‘न वाटलेली मालकी’ असा होता. हे शब्द मराठी वाचकानें वाचावे आणि त्याला आपल्या वाड्यांतील चुलते-पुतणे आठवूं नयेत, हें शक्य नाहीं. गंमत अशी कीं, गायसच्या मतें ही संस्था केवळ रोमन नागरिकांचीच होय! पित्याच्या सत्तेविषयींही त्यानें बहुतेक असेंच लिहिलें आहे. मात्र तेथें आशियामायनरमधील गॅलेशियन लोकांचा अपवाद करण्याइतका तो सावध आहे. दख्खनमधील एखादें घर पाहण्याचा योग त्यास आला असता तर दोन्ही ठिकाणीं त्याला आपली लेखणी आवरावी लागली असती. आपल्या चालीरीति जगांत एकट्या आपल्याच आहेत, असें प्रत्येक समाजास वाटत असतें. आणि तुलनात्मक अभ्यासाचा पहिला लाभ म्हणजे हा भ्रम जातो.

पण दुसरा भ्रम लगेच त्याची जागा घेण्यास टपलेला असतो, आणि तो अधिक घातक आहे. दोन गोष्टींचे चेहरे सारखे दिसले कीं त्या एकच आहेत असें मानण्याचा मोह होतो. म्हणून थोडें बारकाईनें पाहूं. चालुक्य विक्रमादित्याच्या राजवटींत, म्हणजे अकराव्या-बाराव्या शतकांच्या संधीला, विज्ञानेश्वरानें कल्याणीस मिताक्षरा लिहिली. तिच्या मतें वडिलार्जित मालमत्तेंत मुलाचा हक्क जन्मतःच उत्पन्न होतो. बंगालच्या जीमूतवाहनाच्या दायभागांत तो पित्याच्या मृत्यूनें येतो. रोममध्यें पित्याच्या सत्तेखालील मुलाचें स्वतःचें असें कांहींच नसे, म्हणजे नियम दायभागाच्या बाजूचा. परंतु तोच गायस दुसऱ्या एका ठिकाणीं म्हणतो कीं, घरांतील वारस बापाच्या हयातींतही एका परीनें मालकच समजले जातात. म्हणजे जी कल्पना आपल्याकडे सिद्धान्त झाली ती तेथें केवळ भावनारूपानें राहिली. समाईक वस्तु विकण्याचा प्रश्न घेतला तर अंतर आणखी वाढतें. रोमच्या त्या भागीदारींत एकटा भाऊ समाईक दास मुक्त करी किंवा समाईक वस्तु दुसऱ्यास देऊन टाकी, आणि तें सर्वांवर बंधनकारक होई. मिताक्षरेप्रमाणें स्थावर मालमत्तेस सर्वांची संमति पाहिजे. एकट्यानें ती विकावी ती आपत्काळीं, कुटुंबाच्या पोषणासाठीं किंवा आवश्यक धर्मकृत्यासाठीं. एकाच नांवाखालीं हे दोन निरनिराळे संसार आहेत.

मुलीची गोष्ट तर आपणांस अंतर्मुख करणारी आहे. रोममध्यें पित्याच्या सत्तेखालीं असलेली मुलगी, मृत्युपत्र नसल्यास, मुलाच्या बरोबरीनें वारस होई. मिताक्षरेंत मुलगे व विधवा यांच्या अभावींच मुलीची पाळी येई. जन्मतः हक्क देणारा जो उदार सिद्धान्त, तो तिच्या भावापाशींच थांबला होता. महाराष्ट्रानें १९९४ सालीं आणि सबंध देशानें २००५ सालीं कायदा सुधारून तो तिच्यापर्यंत नेला. उलट केरळनें १९७५ च्या कायद्यानें हिंदु एकत्र कुटुंबाची पद्धतिच रद्द केली. रोममधील अविभक्त मालकी तर गायसच्या काळींच ‘पूर्वींची’ झाली होती, आणि येथें ती त्यानंतरही शतकानुशतकें टिकली. एक संस्था एके ठिकाणीं लवकर कां मेली व दुसऱ्या ठिकाणीं कां जगली, हा प्रश्न कोणत्याही एका देशाचा कायदा वाचून सुचतच नाहीं. दोन पुस्तकें शेजारीं उघडीं ठेवावीं तेव्हां तो सुचतो.

हा सर्व पंडितांचा शब्दच्छल आहे, त्यानें आमच्या चुलीस काय होणार, असें कोणास वाटेल. त्याचें उत्तर आपल्याच इतिहासांत आहे. वॉरन हेस्टिंग्जनें हिंदूंचा कायदा त्यांच्याच ग्रंथांप्रमाणें चालवावयाचें ठरविलें, तेव्हां अकरा पंडितांकडून एक संस्कृत निबंध तयार करविण्यांत आला. त्याचें फारशींत भाषांतर झालें, आणि त्या फारशीवरून हॅल्हेड यानें इंग्रजी करून १७७६ सालीं तें छापलें. तीन भाषांच्या चाळणींतून उतरलेल्या या कायद्याची विश्वसनीयता काय असणार! पुढें जोन्स व कोलब्रुक यांनीं सरळ संस्कृतवरून भाषांतरें केलीं. कोलब्रुकनें मिताक्षरेचें दायविभाग-प्रकरण व दायभाग यांचें इंग्रजी १८१० सालीं प्रसिद्ध केलें. १८६४ सालीं न्यायालयांतील पंडितांचीं पदें बंद झालीं, आणि भाषांतरित पुस्तकें हाच न्यायाधीशांचा मुख्य आधार राहिला. एका शब्दास कोणता इंग्रजी प्रतिशब्द योजला, यावर कोणाचें घर कोणाकडे जावयाचें हें ठरूं लागलें.

म्हणूनच महामहोपाध्याय पांडुरंग वामन काणे यांच्या कार्याचें मोल मोठें आहे. ते मुंबईच्या उच्च न्यायालयांत वकिली करीत. गुजराथ, मुंबई बेट व उत्तर कोंकण येथें विशेष प्रमाण मानला जाणारा नीलकंठाचा ‘व्यवहारमयूख’ त्यांनीं हस्तलिखितें ताडून १९२६ सालीं संपादिला. १९३३ सालीं, म्हणजे गायसचीं ईजिप्तमधील पानें उजेडांत आलीं त्याच वर्षीं, लुप्त कात्यायनस्मृतींतील व्यवहाराचीं वचनें निबंधांतून वेंचून त्यांनीं एकत्र छापलीं. धर्मशास्त्राचा त्यांचा इतिहास १९३० सालीं सुरू होऊन १९६२ सालीं पुरा झाला. त्याच्या पुढच्या वर्षीं त्यांस भारतरत्न ही पदवी मिळाली. कोणत्याही वचनाविषयीं तें कोणाचें, कोणत्या काळचें व कोणत्या प्रतींत आहे हें आधीं विचारावयाचें आणि मग अर्थ लावावयाचा, हा त्यांचा शिरस्ता होता. परदेशांतील कायद्याच्या अभ्यासकासही याहून वेगळा मंत्र नाहीं.

आणि वेरोनाचा चमत्कार आपल्या देशांतही घडला आहे. कौटिल्याच्या अर्थशास्त्राचें नांव व कांहीं उतारे सर्वांस माहीत होते. ग्रंथ मात्र गेला असें समजत. १९०५ सालीं तंजावर प्रांतांतील एका पंडितानें म्हैसूरच्या सरकारी प्राच्य ग्रंथालयास एक हस्तलिखित आणून दिलें. तेथील ग्रंथपाल शामशास्त्री यांनीं तें ओळखलें व १९०९ सालीं छापलें. त्यांत करार, ऋण, साक्षी, वारसा यांची जी व्यवस्था आहे ती वाचल्यावर प्राचीन हिंदुस्थानांत राज्यव्यवहाराचा विचारच नव्हता, हें म्हणणें कोणास शक्य राहिलें नाहीं. नीबूर व शामशास्त्री या दोघांसही दैवानें हात दिला, हें खरें. पण तें पान अनेकांच्या हातांतून गेलें होतें आणि ओळखलें मात्र ज्याचा अभ्यास तयार होता त्यानेंच.

मुंबईच्या एशियाटिक सोसायटीची मुळें ज्या साहित्यसभेंत आहेत ती १८०४ सालीं जेम्स मॅकिंटॉश यानें स्थापिली. तो त्या वेळीं मुंबईचा मुख्य न्यायाधीश होता. न्यायासनावर बसलेल्या माणसास पुस्तकांचा संग्रह उभारावासा वाटला, ही गोष्ट या विषयाच्या अभ्यासकास तरी सहज वाटेल. कोणा तरुण वाचकास ही वाट चोखाळावयाची असेल तर लॅटिन येत नाहीं म्हणून त्यानें थांबूं नये. डी झुलुएटा यानें गायसचा मूळ पाठ इंग्रजी भाषांतर व टीपा यांसह १९४६ व १९५३ सालीं दोन भागांत काढला आहे. त्यांत १९३३ च्या पानांचाही समावेश आहे. त्याच्या शेजारीं काण्यांचा दायविभागावरील खंड ठेवून वाचावा, आणि ‘मालकी’ हा शब्द आला कीं प्रत्येक वेळीं थांबून, तो कोणाच्या मुखीं व कोणत्या अर्थीं आहे हें टिपावें. तेवढ्यानेंच पुष्कळ दिवस पुरेल इतकें काम मिळेल.

वेरोनाच्या त्या ग्रंथालयावर १९४५ च्या जानेवारींत विमानांतून बाँब पडला आणि इमारत उद्ध्वस्त झाली. हस्तलिखितें तत्पूर्वींच कोणीतरी सुरक्षित जागीं हलविलीं होतीं, म्हणून गायस वांचला. धुण्यांतून, रसायनांतून आणि युद्धांतून तीं पानें पार पडलीं. आपल्याकडील किती पोथ्या आज माळ्यावर, देवघराच्या कोनाड्यांत किंवा वाटणीच्या तंट्यांत कुलूप घातलेल्या खोलींत पडून असतील! वाटणीच्या यादींत भांडीं मोजून लिहितात. पोथ्यांचें गांठोडें बहुधा कोणाच्याच हिश्शास येत नाहीं. तें सोडून पाहण्यापूर्वीं वाळवीच्या हवालीं करूं नये, एवढें जरी वाचकांनीं मनावर घेतलें तरी या लेखाचें सार्थक झालें असें आम्ही समजूं.